बाबांचा निळा शर्ट

लाडक्या चिमणीस, आईचे पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे, जेवते. तूही इथे या वस्तीवर राहायला यायचं म्हणतेस, तर ऐक. इथे स्वयंपाक, भांडी, शेतकाम, सगळं सामाईक, धुणंसुद्धा. वाळलेले कामाचे कपडे एकाच टोपलीत, हाताला येईल ते आठवडाभर घालायचं.

बाबा गेल्यापासून त्यांचा निळा शर्ट मीच घालायचे. काल चुकून तो टोपलीत गेला. आज सकाळी पाहते तर वाफ्यात तुझे बाबा, पाठमोरे, खुरपत बसलेले! तोंडातून "अहो" निघून गेलं गं. वळला तो भलताच कोणी. बिचारा ओशाळला.

तुला झोप लागते ना?

शर्ट मागितला नाही. उद्यासाठी त्याच्या मागचाच वाफा मागून घेतलाय. हाक मात्र मारायची नाही. वळला की संपतं.

तुझीच,
आई