आईचा स्क्रीन उठत नाही

३ मार्च
आजपासून शिस्त. आमच्या कंपनीच्या टॅबलेटचा स्क्रीन एकदा झोपला की उठत नाही, एवढाच प्रश्न. स्क्रीन चालवणारा प्रोग्राम, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर, माझा; शुक्रवारपर्यंत संपवणार. एक टॅबलेट आईकडे ठेवलाय. रोज व्हिडिओ कॉल करायचा. मायाही होते आणि टेस्टिंगही.

४ मार्च
आई म्हणाली, आवाज येतो, पण तू दिसत नाहीस. उत्तम बग रिपोर्ट. साहेबांना कळवलं, फील्ड टेस्टिंग जोरात.

७ मार्च
शुक्रवार म्हणजे पुढचा शुक्रवार.
आईला माझ्या मागच्या दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. नोंद: रंगांचा बिघाड. स्वयंपाकघरातल्या बल्बभोवतीही दिसतात म्हणे. तो काही आमच्या ड्रायव्हरवर चालत नाही. सोडून दिलं.

११ मार्च
ताईचा फोन. आईने चहा कपाबाहेर ओतला, तू एकदा येऊन जा. ताईला रिलीज म्हणजे काय ते कळतच नाही. रिलीज झाला की जाणार, चांगला आठवडाभर.

१४ मार्च
सापडलं! झोपताना ड्रायव्हर सेटिंग्ज जपून ठेवतो, उठताना परत भरतो. माझा दोनदा जपत होता, आणि दुसऱ्यांदा स्क्रीन आधीच बंद. म्हणजे अंधार जपायचा आणि इमानदारीने तोच परत भरायचा! दुरुस्त केलं. माझ्या टेबलावर दर वेळी उठतोय.
आईला नवीन व्हर्जन पाठवलं. म्हणते, धूसरच आहे. नेटवर्क असणार.

१७ मार्च
काळा की धूसर, नीट सांग, म्हणून जरा चिडलोच. मग हळूच म्हणाली, "दिसतोस रे आता. निळा शर्ट शोभतो तुला."
तक्रारीचं तिकीट बंद! साहेबांनी पाठ थोपटली.
शर्ट पांढरा होता. रंगांचं पुढच्या व्हर्जनमध्ये बघू.

२१ मार्च
ताई आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. काचबिंदू. डावा डोळा गेला, उजव्यात थोडं उरलंय. गेलेली नजर परत येत नाही. आधी आणायला हवं होतं, म्हणाले.
टॅबलेटला काही झालं नव्हतं, ताई म्हणाली. तो कधी झोपलाच नाही. माझा कॉल चुकू नये म्हणून आई तो सतत चार्जरला लावून, चालूच ठेवायची.
कॉल केला. तीच म्हणाली, "म्हणजे तुझ्या कामात चूक नव्हती ना? मला तीच काळजी लागली होती."
बोलताना ती भलतीकडेच बघत होती. मी इकडे माझी खुर्ची सरकवून तिच्या नजरेसमोर यायला बघत होतो.