जहाजात उतरणारी नळी

५ डिसेंबर
माप घेऊन आले! बंदरावरचा जुना लोडर लोखंडाचं खनिज उंचावरून नुसतं ओततो जहाजात. सगळीकडं लाल धूळ, कामगारांचे चेहरेसुद्धा ओळखू येत नाहीत. आता आम्ही शिरूरवाले त्याला एकात एक सरकणारी नळी बसवणार — खनिज थेट जहाजाच्या पोटात! डिझाइन माझं एकटीचं.

कारखान्याचे मालक इब्राहिमचाचा म्हणाले, "राजश्री, जमलं तर डिझाइनचं टेबल तुझं. न्हाई जमलं, तर हायेतच नटबोल्ट मोजायला."

समुद्र पहिल्यांदाच दिसला, पण बघायला वेळ कुठं होता! अकराला टेप सोडला, साडेअकराला परत जीपमध्ये.

२० डिसेंबर
आज जे सुचलं ते कुणालाच सुचलं नव्हतं. खनिज भरत जाईल तसं जहाज पाण्यात बसत जाणार! म्हणून नळीची लांबी तीन मीटरनं वाढवली. आमचे वेल्डर मच्छिंद्रमामा कुणाला चांगलं म्हणत नाहीत. ते म्हणाले, "डोकं हाय पोरीला." दिवसभर हवेत आहे.

११ जानेवारी
आवारात नळी क्रेनला टांगली आणि वरून मुरूम सोडला. चाचा मुद्दाम पांढरा शर्ट घालून शेजारी उभे! शर्ट शेवटपर्यंत पांढराच. मला रडू आलं, धुळीचं निमित्तही सांगता येईना.

१४ जानेवारी
ट्रेलर गेला. आईनं ड्रायव्हरच्या हातावर तिळगूळ ठेवून बजावलं, "हळू ने बाबा, माझ्या लेकीची वस्तू हाय."

१९ जानेवारी, बंदर
सकाळी अकराला चालू केली. चालली!! बंदराच्या साहेबांनी स्वतःहून हात मिळवला. असल्या अजून दोन लागतील म्हणाले. चाचांना फोन केला, तर तिकडून पेढे वाटल्याचा गलका. आज मी जेवलेच नाही, भूकच लागली नाही.

१९ जानेवारी, सव्वापाच
सगळे चहाला गेलेत. जहाज निम्मंच भरलंय, पण नळी आत्ताच पूर्ण ताणून संपली. खाली मीटरभर फट. जहाज बसणार ते मी धरलं होतं. पण पाणीच उतरलंय — ओहोटी! माप घेतलं तेव्हा भरती होती, आज सकाळीही भरतीच. आमच्या घोडनदीचं पाणी उतरायला उन्हाळा यावा लागतो. इथं एक दुपार पुरली.

अजून कुणी पाहिलं नाही. त्यांचा चहा संपायच्या आत मीच जाऊन सांगते.