खानकाठची हजेरी

४ जानेवारी १९९३, सोमवार. सकाळी ६.१०

मिल बंद होऊन तेरा महिने झाले, तरी सहाला जाग येतेच. उठून करायचं काय, हा प्रश्न आज सुटला. आमच्या इंदूरची खान नदी सुधारायची. पूर्ण. मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहीत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे अवघड नाही. शिस्त पाहिजे फक्त.

मनोरमाला सांगितलं. ती म्हणाली, आधी न्हाणीघराची मोरी बघा, परवापासून तुंबली आहे. या बाईला व्हिजन नाही.

९ जानेवारी

प्लॅन तयार. फुलस्केपची पाच पानं. काठावर वाळा लावायचा. वाळ्याची मुळं पाणी साफ करतात, लायब्ररीत वाचलं. त्याच मुळांच्या खसच्या ताट्या काठावरच्या वस्तीतल्या बायका कूलरसाठी विणतील. पाणी निवळेल, मासे येतील, बगळे येतील, बायकांना काम मिळेल. एका दगडात तीन पक्षी, बगळे धरून चार.

मोरीचं उद्या.

१७ जानेवारी, रविवार

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून, म्हणजे जुन्या राजसमाध्यांपासून, वस्तीपर्यंत चालत गेलो. नाकाला रुमाल. चहावाल्याला विचारलं, नदीकडे रस्ता कुठून? तो म्हणाला, भिया, इकडे तर नालाच आहे. अशा लोकांमुळेच हे झालं.

वस्तीत गयाबाई भेटली. आमच्याच मिलची, वाइंडिंग खात्यात वीस वर्षं. माझ्या रजिस्टरात तिचा एकही खाडा नाही. आता नर्सिंग होममध्ये आया आहे, सात ते तीन ड्यूटी. नवरा गेल्यावर दोन खोल्या तिनेच बांधल्या, दरवर्षी थोड्या थोड्या विटा आणून.

प्लॅन वाचून दाखवला. पाचही पानं ऐकली तिने. मग म्हणाली, बाबूजी, साफ तर व्हायलाच पाहिजे, बारिशमध्ये पाणी चुलीपर्यंत येतं. पण आम्हाला हटवून साफ करणार काय? मी तिला पहिलं पान दाखवलं. योजनेचं नावच ‘नदी आणि वस्ती’ आहे. शब्द दिला की तुझ्या विटेला कुणी हात लावणार नाही. तिने चहा दिला. आलं घातलेला होता.

२ फेब्रुवारी

चाळीस रोपं लावली. एकट्याने. कंबर गेली.

५ फेब्रुवारी

म्हशींनी खाल्ली. म्हशींचा दोष नाही, प्लॅनमध्ये त्यांची नोंदच नव्हती. सहावं पान जोडलं.

६ ते १९ फेब्रुवारी

कंबर.

२२ फेब्रुवारी

महापालिकेच्या नदी सुधार समितीची मीटिंग होती. आठ माणसं, त्यातली चार समोशांसाठी आलेली. पण समितीचे इंजिनियर संजीवसाहेब यांनी माझा अर्ज, म्हणजे तोच प्लॅन, हातात घेतला. वयाने लहान, पण मान देऊन बोलतात. म्हणाले, गोपीनाथजी, कुणाकुणाची घरं आहेत त्याची पक्की लिस्ट पाहिजे. काठ मोकळा करताना लोकांना थोडं सरकावं लागलं तर त्या लिस्टवरूनच प्लॉट मिळतील.

मी म्हणालो, लिस्ट माझ्यावर सोडा. थोडं म्हणजे किती, हे विचारायचं राहिलं. पण साहेबच थोडं म्हणाले, म्हणजे थोडंच असणार.

येताना रजिस्टर घेतलं, लाल कापडी बांधणीचं. वर्षभरात इतकं बरं वाटलं नव्हतं.

१४ मार्च, रविवार

उद्यापासून वस्तीत घरोघर हजेरी. नियम मिलचाच. तीन दिवस, सकाळी नऊ ते दहा. तीनदा हाक मारायची. तीन दिवसांत एकदाही सापडला नाही तर गैरहाजर.

हे कळल्यावर गयाबाई घरी आली. म्हणाली, बाबूजी, सवेरे तर सगळे कामावर असतात. शामच्या वेळी या, नाहीतर आज इतवार आहे, आत्ताच चला ना. तिला समजावलं की एकासाठी नियम वाकवला तर सगळ्यांसाठी वाकतो. सख्ख्या मेहुण्याची हजेरी मी चार मिनिटांसाठी कापली होती. तो अजून बोलत नाही.

तिने दारात चपला घातल्या. मग, तुम्हाला तर सगळं मालूमच आहे, म्हणून गेली.

१७ मार्च

काम फत्ते. त्रेसष्ट घरं, हजर चौदा. बहुतेक म्हातारे आणि एक ताप आलेला. लोकांना स्वतःच्या भल्याची पर्वा नाही, हेच खरं.

गयाबाईच्या दाराला तिन्ही दिवस कुलूप. पायरीवर तेलाच्या डब्यात वाळ्याचं एक रोप होतं, म्हशींच्या तावडीतून तिने वाचवलेलं. चांगलं फुटलं आहे. बरं वाटलं. तीन हाका मारल्या. गैरहाजर लिहिलं.

५ एप्रिल

साहेब खूश. म्हणाले, इतकी साफ लिस्ट आजवर पाहिली नाही, एक खाडाखोड नाही. शेवटच्या पानावर सही घेतली माझी.

मनोरमाने विचारलं, गयाबाईचं नाव आहे ना त्यात? मी म्हणालो, आहे की, एकतीस नंबरला. तिने विचारलं, पुढे काय लिहिलंय? मी म्हणालो, पोळी वाढ.

२८ एप्रिल

नोटीस लागली. अख्खा काठ रिकामा करायचा. चौदा प्लॉट, शहराबाहेर. बाकीचे इथे राहतच नाहीत, असं लिस्टवरून सिद्ध झालं आहे.

साहेबांकडे धावलो. सांगितलं की बाकीचे ड्यूटीवर होते. त्यांनी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? मी म्हणालो, रजिस्टरात तसा कॉलम नव्हता. साहेबांनी पाणी मागवलं माझ्यासाठी. म्हणाले, आता वर गेली लिस्ट, आणि खाली सही तुमची आहे. उठताना म्हणाले, साइटवर मजुरांची हजेरी घ्यायला तुमच्यासारखा माणूस पाहिजे, विचार करा.

मनोरमाला यातलं अर्धंच सांगितलं.

२९ एप्रिल

नवा अर्ज लिहिला. सात पानं. दिला.

६ मे

उत्तर नाही. आठवण म्हणून आणखी दोन पानं दिली.

११ मे, मंगळवार

घरं पाडायचं मशीन सकाळी नऊला आलं. गयाबाई घरी होती. नर्सिंग होममधून पहिल्यांदाच सुट्टी घेतली होती तिने. भांडी, ट्रंक, दाराची चौकट, सगळं स्वतःच बाहेर काढून ठेवलं. मी ट्रंकेला हात लावायला गेलो तर म्हणाली, राहू द्या.

भिंत पडायला फार वेळ लागला नाही. मी तिला सांगत होतो की अर्ज दिला आहे, वर बोलणं चालू आहे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबूजी, बाकी कुणी लिहिलं असतं तर मला राग आला असता. तुम्हाला मालूम होतं ना मी सवेरे कुठे असते. आवाज चढवला नाही. वस्तीतली माणसं बघत होती. मला लाज वाटली. अजून वाटते आहे.

१२ मे

अंथरुणातून उठलो नाही. कंबरेचं कारण सांगितलं, मनोरमाने मान वळवली.

१४ मे, शुक्रवार

गयाबाई महूला बहिणीकडे गेली. तिथली पहिली बस सातच्या आत इंदूरला पोचत नाही, म्हणून नर्सिंग होमचं कामही सुटलं. हे सगळं मनोरमाने सांगितलं. ती निरोप द्यायला गेली होती.

मी काठावर जाऊन आलो. नदी होती तशीच काळी. मासे नाहीत, बगळे नाहीत, आता माणसंही नाहीत.

साहेबांचा निरोप आला होता, सोमवारपासून हजेरी घ्यायला या. सकाळी ठरवलं, साफ नाही म्हणायचं. चार कडक वाक्यंही पाठ केली. संध्याकाळी जाऊन हो म्हणून आलो.

वेळ नऊची आहे. मी पावणेनऊलाच पोचेन म्हणतो.