आईच्या चेहऱ्यावरचा लाइट

सर, मागच्या रविवारी तुमची मुलगी ऐरोलीला माझ्याकडे आली होती. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि आत्ता तिला माळ्यावर तुमच्या व्हिडिओ कॅसेट सापडल्या. "मावशी, बाबांनी हौसेने काढलंय, तुम्ही बघाच," म्हणत तिने पेनड्राइव्ह हातात ठेवला. बघितलं. दिवाळे गावची एक कोळीण बोंबील निवडत बसली आहे. दिवा एकच, डाव्या बाजूने, पातळ पांढऱ्या कापडातून आलेला. उजवा गाल अंधारात, आणि त्या अंधारातही तिची काळी-तांबूस कातडी जिवंत. मी टीव्ही बंद केला.

कारण असा लाइट शिकवणारं पुस्तकातलं पान मीच तुम्हाला वाचून दाखवलं होतं. वाशीच्या आपल्या माहितीपटांच्या युनिटमध्ये कॅमेऱ्याला हात लावायला मला दोन वर्षं लागली, पण इंग्रजी पुस्तकं मराठीत सांगायला तुम्ही पहिल्याच दिवशी बसवलंत. कॉन्व्हेंटच्या शाळेचा तेवढाच उपयोग! एका बाजूने मऊ प्रकाश द्यावा, दुसरी बाजू थोडी अंधारी राहू द्यावी, असं मी वाचलं. तुम्ही चहा ढवळत म्हणालात, "बाई, हे गोऱ्यांचं. आपल्या सावळ्या माणसांना समोरून भरपूर लाइट मारायचा. सावली म्हणजे चूक." मी मानलं. शाळेतल्या मदर सुपीरियरचंही मी इतकं निमूट ऐकलं नव्हतं.

मग बिनधुराच्या चुलीची फिल्म आली. त्यात काम करणारी बाई शूटिंगला आलीच नाही, म्हणून मी माझ्या आईला चुलीपुढे बसवलं. दोन मोठे दिवे थेट तिच्या तोंडावर. आई भाकरी थापता थापता म्हणते, "अगं, मला काय पोलिसांनी धरलंय? डोळे दिपले माझे." सगळे हसतात. तुम्ही मॉनिटर बघून म्हणता, "शाब्बास बाई. आता आलं तुम्हाला."

पुढच्या वर्षी आई गेली. तिचं हलतंबोलतं चित्र तेवढं एकच. त्यात तिला ना नाक आहे, ना गालावरचे देवीचे व्रण. पिठाचा गोळा पदर घेऊन भाकरी थापतोय.

तुम्हालाच येत नव्हतं, असं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण कोळणीची कॅसेट चुलीच्या शूटिंगच्या आधीच्या उन्हाळ्यातली आहे. पेनड्राइव्हवर कॅसेटच्या लेबलचा फोटोही आहे, तारीख तुमच्याच अक्षरात. म्हणजे चांगलं ते स्वतःसाठी राखून ठेवलंत, आणि उरलेलं मला शिकवलंत. निवृत्त होईपर्यंत मी शेकडो बायकांचे चेहरे तसेच पुसत राहिले.

काल तुमच्या मुलीचा फोन आला. "कसं वाटलं, मावशी?" मी म्हटलं, "सुंदर आहे." ते खरं आहे, म्हणून जास्त चीड येते.

हे पत्र मी तिला दाखवणार नाही. तुमच्यापर्यंत ते जाणारच नाही, म्हणून एवढं लिहिते. त्या दिवशी मॉनिटरवर आई कशी दिसतेय, ते मलाही दिसलं होतं. एक दिवा विझवायला माझा हात बटणापर्यंत गेला होता. तेवढ्यात तुम्ही शाब्बास म्हणालात, आणि मी तो मागे घेतला.