अस्वल आणि गांडूळ यांतील फरक

रविवार, १४ जुलै. सकाळपासून भरून आलं होतं, पण पाऊस पडला नाही. मिरचीच्या वाफ्यात खुरपं चालवलं, जेवले, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या केल्या. उद्या ऑफिसात माझा निरोप समारंभ आहे.

बाबा, उद्या मला दोन शब्द बोलायचे आहेत, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. सात वर्षांची होईपर्यंत मी घराबाहेर कुणाशी बोलत नव्हते. पोखर्णीजवळच्या त्या शाळेत तुम्ही गुरुजी आणि तुमच्याच वर्गात मी मुकी. गावात दरवेशी अस्वल घेऊन आला, तेव्हा आईनं मला त्याच्या पाठीवर बसवलं. लेकराची भीती जाते म्हणायचे. दरवेश्यानं अस्वलाचे चार केस ताविजात घालून दिले. शाळेतून आल्या आल्या तुम्ही माझ्या गळ्यातला दोरा कापलात. "धम्मदीक्षा घेताना गंडेदोरे सोडले ना आपण? अन् आता अस्वलाचे केस?" आई चुलीपुढून म्हणाली, "पोरगी बोलली म्हंजे झालं. मंग कशानं का बोलंना."

दुसऱ्या दिवशी तुम्ही तळहातावर गांडूळ घेऊन वर्गात येता. फळ्यावर मधोमध रेघ ओढता, एकीकडे अस्वल, एकीकडे गांडूळ. पोरं ओरडून सांगतात, हाडं, केस, पाय. तुम्ही लिहीत जाता आणि मग माझ्यापुढं येऊन थांबता. "अस्वलावर तू बसलीस. तू सांग." गांडूळ तुमच्या बोटांमधून वळतंय. मी म्हणते, "अस्वलाच्या नाकात दोरी हाय. याच्या न्हाई." पोरं हसतात. तुम्ही हसत नाही. "लिहून घ्या रे. ह्ये पुस्तकात न्हाई."

पुढं जन्मभर तुम्ही पाहुण्यांना सांगत राहिलात, माझ्या लेकीचं तोंड गांडुळानं उघडलं. आई चहाचे कप ठेवून आत जायची. तुम्ही कापलेला तावीज तिनं माझ्या परकराच्या नेफ्यात शिवला होता, आणि त्या दिवशी वर्गात मी तो कापडावरूनच मुठीत धरून बोलले होते. आम्ही दोघींनी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही ती गोष्ट इतक्या आनंदानं सांगायचात.

खरं कशामुळं बोलले, मलाही माहीत नाही. दरवेशी दोरी ओढायचा तेव्हा अस्वल मान खाली घालायचं, ते पाठीवरून दिसलं होतं. ते कुणाला तरी सांगायचं होतं, एवढंच आठवतं.

उद्या मी गांडुळाचीच गोष्ट सांगणार आहे, तुम्ही सांगायचात तशी. हे पत्र कुठं टाकायचं नाही. आता साडीला इस्त्री करते.