ठकूची उंच दांडी

भोर, ५ डिसेंबर १९३८
मुलींना दांड्यांना का लटकावता, असे शाळेच्या कमिटीने लेखी विचारले. उत्तर हाताशी असावे म्हणून आजपासून टिपून ठेवते. गरज पडणार नाही. युरोपात मुली हे करतात. मासिकात फोटो आहे. दोन आडव्या दांड्या, एक उंच, एक ठेंगणी. चिमाजी सुताराने दोन्ही सारख्या केल्या. म्हणे, "फोटूत चूक व्हती बाई, म्या सुदारली." एक कापून घेतली. रागावले नाही. फारशी नाही.

९ डिसेंबर
बारापैकी अकरा मुली ड्रिलला आल्या नाहीत. उत्तम. एकीकडे नीट लक्ष देता येते. उत्रोलीची ठकू, वय तेरा. ठेंगण्या दांडीवरून झेप घेऊन उंच दांडी पकडते. मी स्वतः कधी लटकलेली नाही. कॉलेजात माझा तर्कशास्त्रात पहिला नंबर होता.
निश्चय: ठकू शाळेच्या संमेलनात हे करून दाखवील. मग फायनलची परीक्षा. मग मास्तरीण.

१४ डिसेंबर
तिची आई सगुणाबाई आली. पाऊण तास शिक्षणाचे महत्त्व सांगितले. सात वेळा "व्हय बाई" म्हणाली. पूर्ण पटले आहे.

१० जानेवारी १९३९
सगुणाबाईबरोबर भोंगवलीचे रखमाजी म्हणून फेटेवाले गृहस्थ ड्रिल पाहायला आले. खेड्यांत जागृती होते आहे. ठकूने "पुरं करू का बाई?" असे दोनदा विचारले. मी आणखी पाच झेपा घ्यायला लावल्या. गृहस्थांनी तिचे तळवे उलटून पाहिले. मी म्हटले, असे हात तालुक्यात नाहीत, ही दमत नाही. ते म्हणाले, "ब्येस. भात झोडाया अशीच पायजे." विनोदी माणूस. ठकू हसली नाही. विनय.

१९ जानेवारी
ठकू चार दिवस गैरहजर. ताप असावा. प्रोग्रॅममध्ये तिचे नाव सर्वांत वर घातले.

२३ जानेवारी
रखमाजी हे नवऱ्या मुलाचे वडील. सुपारी फुटली. सगुणाबाई माझे आभार मानायला आली होती. "काळी म्हनून दोगांनी न्हाई म्हनलं व्हतं. तुमी हातांचं सांगितलं न् जमलं बगा."
लग्नाला तीन आठवडे आहेत. तेवढ्यात सगुणाबाईचे मन वळवीन.

११ फेब्रुवारी
सगुणाबाईच्या हाती दिले: ठकूचा शाळा सोडल्याचा दाखला, एक. वर्तन: चांगले. सोडण्याचे कारण: लग्न. ठकू हिरवा चुडा भरून बाहेर पायरीवर बसली होती. बोलावले, आत आली नाही. घेणारीचा अंगठा उमटला. देणारी म्हणून सही माझी.