राळेचा वाटा

४ ऑगस्ट
कानडी मुलखातल्या पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत रुजू झालो. पुण्याच्या बॉसच्या कटकटीतून सुटलो, देव पावला. कारखाना टीचभर, रंगाचा कच्चा माल बनवतो, मोठा रिअॅक्टर, म्हणजे रसायनं ढवळायची बंद टाकी, एकच. सुपरवायझर विठोजी इथलेच पिढीजात मराठी. म्हणाले, स्वल्प सांभाळून राहा, साहेब. हवा झकास, कॉफी त्याहून झकास.

७ ऑगस्ट
घोळ सापडला. रिअॅक्टरमध्ये सोडायचा द्रव, म्हणजे फीड, ही मंडळी कोमट सोडतात. मग नको ती काळी राळ होऊन तळाशी बसणारच. द्रव थंड करायचा चिलर आहे, तो धूळ खातोय. विठोजी म्हणतात, राळ हा रिअॅक्टरचा वाटा, तळ खरवडायचा नसतो. म्हटलं, मग उदबत्तीही लावा. कुणी हसलं नाही. मी उभं राहून तळ खरवडून घेतला आणि फीड पाच अंशांवर आणलं.

११ ऑगस्ट
राळ शून्य. मालक खूश, बाकीच्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. मी डबा घेऊन गेलो की सगळे उठतात. गुंडू ऑपरेटर आज माझ्या पायाशी थुंकला. रिअॅक्टरजवळ ठेवलेली कॉफी दोन घोटांत बर्फ होते. चिलर जास्त चालत असेल.

१४ ऑगस्ट
चिलर बंद केला. गारठा तसाच. गुंडूचा हात रिअॅक्टरला लागला आणि बोटं पांढरीफटक पडली, अजून त्यांत जीव नाही. विठोजी म्हणाले, वाटा खरवडून तुम्ही रिअॅक्टरला उपाशी ठेवलंत, आता तो मिळेल तिथून ऊब घेणार. मी घाबरलोय. खरंच घाबरलोय.

१६ ऑगस्ट
फीड पुन्हा कोमट सोडलं. राळ धरत नाही. मोटर बंद — आतला पंखा फिरतोय. राजीनामा दिला. विठोजी म्हणाले, सरी, ठीक आहे, जा, पण आधी तळ बघून जा. पुण्याचे साहेब झाकणावरूनच बघतात, असंही म्हणाले. सगळे हसले. उद्या उतरून दाखवतो.

१७ ऑगस्ट
झाकण लावलं त्यांनी. फोनवर लिहितोय, रेंज नाही. ओरडून घसा बसला. बाहेरून विठोजी शांतपणे सांगतायत, गुंडूला दोन लेकरं आहेत, साहेब, तुमच्यामागे कोण आहे?

कुणीतरी मीटर वाचतंय. फीड सदतीस अंश. पण पाइप तर बंद — सदतीस म्हणजे माझ्या अंगाचं —

पस्तीस, म्हणतायत. बोटं वळत —

तळ मऊ लागतोय. काळा — राळ धरली — आई, ती पायाला —

तेहतीस —